खूनवाल्या काकांचं नाव

"परवा पुरला त्याला. आज उकरून काढायचाय."

बँकेच्या रांगेत उभं राहून काका हे शेजारच्या माणसाला अगदी सहज सांगत. माणूस गावात नवा असला तर दचकून दोन पावलं मागे सरके. कोपरगावचा जुना असला तर विचारी, "मारला कुनी पन, काका?" त्यावर काका चष्मा पुसत म्हणत, "ते अजून मलाही कळलेलं नाही. गुरुवारपर्यंत कळेल."

भास्कर निसळ हे त्यांचं नाव. साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडा लिहायचा, पावती फाडायची, पुढची गाडी घ्यायची; निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच केलं. पण भास्करराव म्हणून त्यांना फारसं कोणी ओळखत नसे. गावाला ते खूनवाले काका. नोकरी सांभाळून त्यांनी शंभरावर रहस्यकथा लिहिल्या होत्या. लायब्ररीत खाकी कव्हर घालून ठेवलेल्या, शेवटची दोन पानं कोणीतरी हमखास फाडून नेलेल्या त्या बारक्या कादंबऱ्या एकेकाळी घरोघरी फिरत असत.

त्यांतल्या एकाही पुस्तकावर त्यांचं नाव नव्हतं. पुण्याच्या प्रकाशकांनी एक भारदस्त टोपणनाव तयार केलं होतं. सुरुवातीला त्या नावाखाली तिघे-चौघे लिहीत. हळूहळू बाकीचे गळाले आणि एकटे काका उरले. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी ती पुस्तकं वाचली त्यांना ते आठवेलच, आणि तसंही ते भरपूर छापून झालं आहे.

काका पहाटे पाचला लिहायला बसत, ते सातला उठत. स्वयंपाकघरात ओट्याला लागून एक घडीचं टेबल होतं, त्यावर. शेजारी काकू कणीक मळत असत. कारखान्यातल्या रद्द पावत्यांचे पाठकोरे कागद आणि निळं बॉलपेन एवढंच साहित्य. "सुचलं की लिहायचं ही चैन कवींची," असं ते म्हणत. "आपल्याला लिहायला बसलं की सुचतं. न बसता कधी काही सुचल्याचं मला आठवत नाही." ताप असो, घरात लग्न असो, हे दोन तास कधी चुकले नाहीत. त्यांच्या वडिलांचं निधन झालं त्या दिवशीसुद्धा ते पाचला बसले होते, असं काकूंनी मला एकदा सांगितलं. त्यात कौतुक किती आणि राग किती, हे मला नीट कळलं नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती पुण्याहून निरोप आला म्हणून. हाताने लिहिलेला मजकूर यापुढे घेणार नाही, टाइप करून पाठवा, असं प्रकाशकांनी कळवलं होतं. तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, लग्नपत्रिका, असली कामं मी करायचे. काका पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढून म्हणाले, "यात दोन खून आणि एक अपहरण आहे. तुझ्याच्याने होईल का?"

झालं. पण पहिल्याच प्रकरणात मी शहाणपणा केला. एक ट्रॅक्टरवाला पोलिसाला सांगतो, "म्या न्हाई पाह्यलं सायेब, म्या झोपेल हुतो." मी ते शुद्ध करून टाकलं. काकांनी वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "शैला, हा माणूस तीन रात्री काट्याच्या रांगेत जागलाय. त्याला तू शाळेत का पाठवलंस?" मी चूक दुरुस्त केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी मला स्वल्पविराम कुठे द्यायचा, कुठे गाळायचा, माणूस खोटं बोलत असला की त्याची वाक्यं लांब का होतात, असं पुष्कळ शिकवलं. मी कॉलेजात गेले नाही. माझं जे काही मराठी आहे ते त्या खुनांतून आलेलं आहे.

त्यांच्या गोष्टींत निम्मी प्रेतं समुद्रकिनाऱ्यावर सापडत. काकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मी एकदा विचारलं, "काका, समुद्राच्या वाऱ्याला मळीचा वास येतो का हो?" मळी म्हणजे कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा पाक, त्याचा आंबूस, गोडसर वास आमच्याकडे हंगामभर हवेत असतो. काका जरा ओशाळले. म्हणाले, "खरा कसा येतो कोणास ठाऊक. मी आपला आपल्याकडचा घातला. आजवर एका वाचकाची तक्रार नाही."

मग ती वाईट वर्षं सुरू झाली. आधी महिन्याला एक पुस्तक निघे, ते वर्षाला दोनवर आलं. बसस्टँडजवळची लायब्ररी बंद होतेय असं कळलं तेव्हा काका मला घेऊन तिथे गेले. लायब्ररीवाल्याने कपाटं आधीच विकली होती आणि पुस्तकं जमिनीवर ढिगाने पडली होती. काकांकडे स्वतःच्या पुस्तकांच्या प्रती फारशा नव्हत्या. प्रकाशक पाठवत नसत. ते खाली बसून ढीग उपसू लागले. लायब्ररीवाला म्हणाला, "घ्या ना काका, लागंल तेवढी घ्या. समदं रद्दीतच चाललंय. आता कोन येतंय? लोकाईच्या हातात मोबाईल हाय." काकांनी अकरा पुस्तकं निवडली. घरी आल्यावर त्यांनी फाटकी पानं चिकटवली आणि ज्यांची शेवटची पानं नव्हती त्यांना ती हाताने लिहून जोडली.

पुढच्याच वर्षी प्रकाशक वारले. काका त्यांना शेठ म्हणत. शेठनी काकांना भेटीला कधी बोलावलं नाही, पण प्रत्येक पुस्तक मिळाल्यावर स्वतःच्या अक्षरात एक कार्ड पाठवत: "खून आवडला." आता त्यांचा मुलगा गादीवर बसला. त्याने फोन करून सांगितलं, की असली पुस्तकं आता चालत नाहीत, यापुढे पाठवू नका. काकांनी "बरं" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाचला ते टेबलाशी होते. मी विचारलं, आता कोणासाठी लिहिता? म्हणाले, "शेठ गेले ते माझ्या हाताला अजून कळलेलं नाही."

पण नुसतं लिहीत बसून त्यांनी रुसवा धरला नाही. मोबाईलवर गोष्टी मागणाऱ्या साइटींना त्यांनी गोष्टी पाठवल्या. त्यांना पाचशे शब्द हवे असत, काका पाचशेच लिहीत. कारखान्याच्या सभेची भाषणं लिहिली, शाळेच्या स्मरणिका लिहिल्या. गावात कोणी गेलं की पेपरात द्यायचा मजकूर काकांकडूनच घ्यायचा असा रिवाज पडला. तो ते फार मनापासून लिहीत. भाजीवालीच्या सासूवर त्यांनी लिहिलेल्या आठ ओळी वाचून मला रडू आलं होतं. "माणूस कसा मेला हे आयुष्यभर लिहिलं," ते म्हणाले, "कसा जगला तेही लिहून बघतो."

त्या सुमाराला मी एकदा अहिल्यानगरहून एसटीने परत येत होते. शेजारच्या बाई मोबाईलवर काहीतरी ऐकत होत्या, आवाज मोठा ठेवून. राहुरीच्या पुढे एक वाक्य कानावर पडलं आणि मी ताठ झाले. ते वाक्य मी टाइप केलं होतं. पुढचं वाक्य कोणतं येणार तेही मला माहीत होतं, आणि तेच आलं. गोष्ट सांगण्याच्या एका ॲपवर ती कादंबरी वाचली जात होती. बाई म्हणाल्या, "लई भारी हाये. पन्नास-साठ तरी हायेत ह्यांच्या. मी सैपाक करता करता ऐकते."

मी थेट काकांकडे गेले. ते लहान मुलासारखे हरखले. दुपारभर आम्ही तिघं ऐकत बसलो, काकू मध्येच म्हणाल्या, "अहो, हे तर बरं लिहिलंय की तुम्ही." गोष्ट संपली. वाचणाऱ्या मुलीने स्वतःचं नाव सांगितलं, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं सांगितलं, संगीत देणाऱ्याचं सांगितलं आणि लेखक म्हणून ते भारदस्त टोपणनाव सांगितलं. काकांनी मोबाईल उलटा ठेवला. म्हणाले, "पुण्याला जाऊ या. तू येशील का?"

शेठचा मुलगा चांगला वागला. वाईट वागला असता तर बरं झालं असतं. त्याने उठून काकांना खुर्ची दिली, चहा मागवला. "बाबा तुमचं फार नाव काढायचे, काका."

"काढायचे खरे," काका म्हणाले. "घालायचं मात्र राहून गेलं."

तो हसला. काकांनी हात जोडले. मला ते हात जोडलेले अजून दिसतात. "मला दुसरं काही मागायचं नाही. ती मुलगी शेवटी सगळ्यांची नावं सांगते. त्यात लेखन, भास्कर निसळ, एवढे तीन शब्द म्हणू द्या."

"काका, ते नाव आता ब्रँड आहे. लोकांना वाटतं तो एक माणूस आहे. मध्येच दुसरं नाव आलं तर गोंधळ होईल. आणि, राग मानू नका, पण तुम्हीच लिहिलंय याचा काही कागद आहे का तुमच्याकडे?"

"जुनी हस्तलिखितं तुमच्याकडेच दिली होती."

"ती जुनं ऑफिस सोडलं तेव्हा गेली. जागाच नव्हती."

मी न राहवून म्हणाले, "माझ्याकडे फाइली आहेत. नंतरचं सगळं मीच टाइप केलंय."

त्याने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हीच लिहिलंय, असंही कोणी म्हणू शकेल, नाही का?"

मग त्याने खणातून एक छापील बाड काढलं. त्या नावाने आता नव्या कादंबऱ्या येणार होत्या आणि त्या एआय लिहिणार होतं. "तुमची सगळी पुस्तकं त्याला वाचायला दिलीत, काका. नव्वद टक्के जमतं त्याला. उरलेलं दहा टक्के कोणीतरी हात फिरवायला हवं. तुमच्याइतकं ते कोणाला जमणार?" तो हे खरोखर आदराने बोलत होता.

परतीच्या गाडीत काकांनी बाड वाचायला घेतलं. सुप्याच्या आसपास ते थांबले आणि एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. प्रेत किनाऱ्यावर सापडलं होतं आणि समुद्रावरून मळीचा आंबूस वास येत होता.

"माझी चूकसुद्धा नेली, शैला." ते हसले. "हा वास माझ्या काट्यावरचा आहे गं. ह्यांनी कारखाना पाहिलेला नाही."

घरी आल्यावर त्यांनी बाड जसंच्या तसं परत पाठवलं. सोबत चिठ्ठी: "मी गेल्यावर काय ते करा. मी असताना मला करायला लावू नका." शेठच्या मुलाने उत्तर दिलं नाही.

त्याने मला फोन केला.

"तुम्हाला काकांची भाषा पाठ आहे," तो म्हणाला. आणि ते खरं होतं. अर्ज, दाखले सगळं ऑनलाइन झालं होतं, माझ्या दुकानात दिवस दिवस कोणी येत नसे. मी मनाशी म्हटलं, मी नाही केलं तर दुसरं कोणी वाईट करेल. असं म्हणणारी मी पहिली नसेन. मी हो म्हणाले आणि काकांना सांगितलं नाही. तेव्हापासून मी त्या कादंबऱ्यांवर हात फिरवू लागले. यंत्राचं लिहिणं गुळगुळीत असे; सगळी माणसं सारखी बोलत, चोरही आणि फौजदारही. मी त्यांना वेगळं बोलायला लावायचे. मला ते छान जमत होतं, आणि खरं सांगते, त्यात मजाही येत होती.

एका सकाळी काका दुकानात आले. नेहमीच्या स्टुलावर बसले.

"नवी ऐकली. जळालेल्या जीपची."

"हं."

"आधीच्या दोन-तीनमध्ये ऊसतोडीचा मुकादम 'मी येत आहे' म्हणायचा. ह्यात तो 'आलोच की वं' म्हणतो."

मी पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर काही नव्हतं.

"चांगलं करतेस," काका म्हणाले. "आधीचं ऐकवत नव्हतं."

ते उठले, चपला घातल्या आणि गेले. त्यानंतर ते माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. रस्त्यात भेटले की थांबून विचारत, "काय शैला, बरं आहे ना?" शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. या विचारपुशीचं काय करायचं ते मला कळत नसे.

पुढचं मला काकूंकडून समजलं, भाजी बाजारात. काकांनी एक रहस्यकथा स्वतःच्या नावाने लिहिली होती. टायपिंगला माझ्याकडे यायचं नाही म्हणून मोबाईलवर एका बोटाने, डोळे दुखेपर्यंत, चार महिने ती टाइप केली होती आणि एका मोठ्या प्रकाशकाला पाठवली होती. उत्तर आलं. लेखन ओघवतं आहे, असं त्यात होतं. परंतु आपल्यावर एका लोकप्रिय रहस्यकथाकाराच्या शैलीची फार छाप दिसते, स्वतःचा आवाज शोधावा. आणि पुढे ते टोपणनाव.

"तासभर खिडकीशी बसून राहिले," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, सुटलं एकदाचं, आता तरी थांबतील. तर म्हणतात कसे, 'त्याचं बरोबर आहे. नवा आवाज काढावा लागेल.' अहो, ह्या वयात! मी म्हटलं, जुना काय वाईट होता? तर म्हणाले, 'जुना गेला. तो आता माझा नाही.' आणि दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा आमची खुर्ची वाजली." बोलताना त्यांनी कोथिंबिरीची जुडी इतकी आवळून धरली होती, की भाजीवालीने ती हळूच काढून घेतली.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर काका गेले. दोन दिवस दवाखान्यात होते. मी गेले तेव्हा झोपलेले होते, उठवलं नाही. तालुक्याच्या पेपरात तीन ओळी आल्या: कारखान्याचे निवृत्त कर्मचारी, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी. लेखक हा शब्द नव्हता. निम्म्या गावाचे मृत्युलेख ज्यांनी लिहिले त्यांचा कोणी लिहिला नाही. मीसुद्धा नाही. मला वाटलं, तो हक्क मी घालवला आहे. त्याच आठवड्यात ॲपवर त्या नावाची नवी कादंबरी आली. हात मीच फिरवला होता.

तेराव्यानंतर मी भेटायला गेले. काकूंनी आतून पिशवी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पाठकोऱ्या पावत्या, निळं बॉलपेन, सहाशेवर पानं.

"हे तुला द्यायचं नाही असं बजावून गेलेत," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? मला दुसरी टायपिंगवाली माहीत नाही. शिवाय तू चुका कमी करतेस." त्यांनी पिशवी माझ्याकडे आणखी सरकवली. "रडू नकोस इथे. मला आता कोणाचं रडणं आवरत बसायचं नाही. घेऊन जा आणि कर."

त्यात खून नव्हता. वजनकाट्यावरचा एक हंगाम होता, पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत. काट्याच्या खिडकीतून एका कारकुनाला जेवढं दिसतं तेवढंच. रांगेत गाडीखाली बाळंत झालेली बाई, तिच्यासाठी पुढची बारा माणसं रांग सोडून बाजूला होतात ते. मोळीवर बसून अभ्यास करणारी मुलगी. एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ, ज्यांच्या गाड्या दरवर्षी एकापाठोपाठ येतात. वाक्यं लहान, कोरडी. काकांचं एकही जुनं वळण त्यात नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या माणसाने आपला हात मोडून नवा बसवला होता. टाइप करताना दोन-तीन जागी मला शब्द बदलावासा वाटला. बदलला नाही.

ते काम चालू असतानाच मी पुण्याचं काम सोडलं. त्यात मोठेपणा नाही. माझ्या जागी चार दिवसांत दुसरी बाई मिळाली, आणि आता म्हणे तिचीही गरज उरलेली नाही.

काकांची कादंबरी मी पहिल्या प्रकाशकाला पाठवली, त्याचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्याने विचारलं, लेखकाला सोशल मीडियावर किती लोक फॉलो करतात. मी म्हटलं, लेखक वारले. तो म्हणाला, "अरेरे. मग प्रमोशनला कोण येणार?" तिसऱ्याला मजकूर आवडला होता. पण हे लेखन एआयने केलेलं नाही असं लेखकाच्या सहीचं पत्र त्यांच्या नियमाप्रमाणे हवं होतं. मी पावत्यांचे फोटो पाठवते म्हणाले. पत्र हवं, ते म्हणाले.

काल चौथ्याला पाठवली. सोबत मोठं पत्र लिहायला घेतलं होतं, काका कोण, काय काय झालं, सगळं. मग ते फाडलं आणि दोनच ओळी लिहिल्या: लेखक भास्कर निसळ हयात नाहीत. कादंबरी पूर्ण आहे.